हेलियमचं पेव: एका सरकारी साठ्याचा हिशेब



आपल्याकडे पूर्वी ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, आतून कडब्याचं अस्तर लावायचं, धान्य भरायचं आणि तोंड बंद करून टाकायचं. सोलापूरकडे, मराठवाड्यात, इकडे उत्तर कर्नाटकातही ही पद्धत होती. पेव रोजच्या जेवणासाठी नसे, वाईट वर्षासाठी असे. म्हणून पेव कधी भरायचं, कधी उघडायचं आणि कुणाला किती द्यायचं, हे ठरवायला घरात जाणतं माणूस लागे.

आज मी ज्या पेवाबद्दल बोलणार आहे ते अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या अमारिलो या गावाजवळ आहे. तिथे जमिनीखाली सुमारे एक किलोमीटर खोल, सच्छिद्र खडकात अमेरिकेच्या सरकारने हेलियम वायू साठवला होता. जगात एवढा मोठा हेलियमचा साठा दुसऱ्या कुठल्याही सरकारने केला नाही. आणि तो ज्या पद्धतीने विकला गेला, ती पद्धत मला आपल्या सगळ्यांच्या कामाची वाटते.

तुम्ही म्हणाल, बेंगळुरूत बसून टेक्सासची गोष्ट कशाला? कारण हेलियमची टंचाई आली की या शहराला ती लगेच जाणवते. इथे इस्रोचं मुख्यालय आहे. रॉकेटच्या टाक्यांमधलं द्रव इंधन इंजिनाकडे ढकलायला दाब लागतो, आणि तो दाब बऱ्याच ठिकाणी हेलियम देतो. इथे भारतीय विज्ञान संस्था आहे, जिला जुने लोक अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. तिथल्या प्रयोगशाळांमध्ये अतिशीत तापमानाचे प्रयोग चालतात, त्यांना द्रवरूप हेलियम लागतो. आणि इथल्या मोठ्या रुग्णालयांमध्ये एमआरआयची यंत्रं आहेत. नेहमीच्या एमआरआय यंत्रातल्या चुंबकाभोवती सुमारे दीड हजार लिटर द्रवरूप हेलियम असतो. त्याचं तापमान उणे २६९ अंश सेल्सिअस. इतका थंड राहू शकणारा दुसरा द्रव निसर्गात नाही. फुग्यात हेलियमऐवजी दुसरं काही भरता येईल, पण या चुंबकाला पर्याय शोधणं फार अवघड आहे.

आणि हा हेलियम आपण जवळजवळ सगळा बाहेरून आणतो.

सूर्यात सापडला, आपल्या आकाशात

यातली गंमत अशी, की हेलियमची पहिली चाहूल माणसाला लागली ती भारतातच. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होतं. ते पाहायला फ्रान्सचा ज्यूल जान्सेन गुंटूरला आला होता. मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉग्सन मछलीपट्टणला गेला होता. पॉग्सनला सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली आणि ती सोडियमच्या नेहमीच्या रेघांशी नीट जुळत नाही, असं त्याने नोंदवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने ग्रहण नसतानाही तीच रेघ पाहिली. ही कुठल्या तरी अनोळखी मूलद्रव्याची रेघ असावी, असं लॉकियर म्हणू लागला, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या मूलद्रव्याला हेलियम म्हणू लागले.

इथे आपल्या कोकणातल्या प्रेक्षकांसाठी एक खुलासा. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून चौथरे दाखवतात आणि लॉकियरने १८६८ साली तिथून हेलियम शोधला असं सांगतात. लॉकियर विजयदुर्गला आला होता, हे खरं आहे. पण तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. १८६८ साली तो इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गचा मान यामुळे कमी होत नाही, फक्त तारीख तीस वर्षांनी पुढे सरकते.

पॉग्सनचं नाव मात्र मागे पडलं, कारण त्याचा अहवाल युरोपात फारसा पोहोचला नाही. त्याला त्याचं श्रेय परत देण्याचं काम बेंगळुरूतच झालं आहे. इथल्या रामन संशोधन संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ बिमन नाथ यांनी हेलियमच्या शोधावर पुस्तक लिहिलं आहे, त्यात हा सगळा इतिहास आहे. आणि ज्या मद्रास वेधशाळेत पॉग्सन काम करत होता, तिचा वारसा आज कोरमंगलातल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे.

पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडलं. विल्यम रॅम्झीने तो युरेनियम असलेल्या एका खनिजातून काढला. युरेनियम आणि थोरियम यांचा किरणोत्सारी ऱ्हास होताना हेलियम तयार होतो. हे काम कोट्यवधी वर्षं चालतं. त्यातला काही हेलियम नैसर्गिक वायूबरोबर खडकात अडकून राहतो. बाकीचा हवेत येतो, आणि इतका हलका असतो की हळूहळू अवकाशात निघून जातो. म्हणजे एकदा सोडला की तो पुन्हा गोळा करणं परवडत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

न जळणारा वायू

१९०३ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात डेक्स्टर नावाच्या गावात वायूची विहीर लागली. गावाला वाटलं, आता आपलं नशीब उघडलं. मोठा समारंभ ठरला. जळता पेंढा त्या वायूच्या झोतात ढकलायचा आणि आकाशात ज्वाळ उठवायची, असा बेत होता. पेंढा ढकलला, आणि तोच विझला. गावाचा हिरमोड झाला. पण त्या वायूचा नमुना कॅन्सस विद्यापीठात गेला, आणि १९०५ साली केडी आणि मॅकफार्लंड या दोन रसायनशास्त्रज्ञांना त्यात जवळजवळ दोन टक्के हेलियम सापडला. तोवर जगात हेलियम म्हणजे प्रयोगशाळेतली दुर्मीळ वस्तू होती. तो जमिनीतून फुकट वाहत होता.

पहिल्या महायुद्धात त्याचं मोल कळलं. युद्धात वायूने भरलेली विमानं, म्हणजे एअरशिप, वापरात होती. त्यात हायड्रोजन असे, आणि हायड्रोजन एका ठिणगीने पेटतो. हेलियम पेटत नाही. अमेरिकेने घाईने कारखाने उभारले. युद्ध थांबलं तेव्हा युरोपला पाठवायचे हेलियमचे सिलिंडर न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर पडून होते.

१९२५ साली अमेरिकेने हेलियमचा कायदा केला आणि हा वायू सरकारच्या खाणकाम खात्याच्या ताब्यात दिला. अमारिलोला कारखाना झाला. दोन वर्षांनी निर्यातीवर बंधन आलं. त्यामुळे जर्मनीच्या झेपेलिन कंपनीची अडचण झाली. हिंडेनबर्ग हे प्रचंड एअरशिप हेलियम डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं होतं, पण शेवटी त्यात हायड्रोजन भरावा लागला. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीत उतरताना ते पेटलं आणि ३६ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेचं मन थोडं पाघळलं, कायदा सैल झाला. पण १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, आणि हॅरोल्ड इकिस या मंत्र्याने जर्मनीला हेलियम द्यायला ठाम नकार दिला. त्याच्या सहीशिवाय विक्री होत नव्हती, त्यामुळे विषय तिथेच संपला.

सामरिक साठा म्हणजे काय, हे इथे दिसतं. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हा अधिकार हातात असणं.

पेव भरलं, आणि वहीही

दुसऱ्या महायुद्धानंतर एअरशिपचे दिवस संपले, पण रॉकेटचे आणि अणुशक्तीचे सुरू झाले. हेलियमची मागणी वाढली. त्याच वेळी अमेरिकेत नैसर्गिक वायू नळांनी घरोघरी जात होता आणि शेगड्यांमध्ये जळत होता. त्या वायूतला हेलियम जळत नव्हता, नुसता हवेत जात होता. काढून ठेवला नाही तर तो कायमचा गेला. म्हणून १९६० साली कायद्यात बदल झाला. सरकारने खासगी कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार केले: तुम्ही वायूतून कच्चा हेलियम वेगळा काढा, आम्ही विकत घेतो. कॅन्ससपासून टेक्सासपर्यंत ४२५ मैलांची, म्हणजे सुमारे ६८० किलोमीटरची पाइपलाइन टाकली. तिच्यातून आलेला हेलियम अमारिलोजवळच्या क्लिफसाइड क्षेत्रात जमिनीखाली सोडायचा. वर क्षार आणि खडकाचा घट्ट थर होता, त्यामुळे तो बाहेर निसटत नव्हता.

विचार उत्तम होता. पैशाची व्यवस्था मात्र अशी केली, की पुढच्या पन्नास वर्षांचा घोळ तिथे पेरला गेला.

खाणकाम खात्याने हेलियम विकत घ्यायला अमेरिकेच्याच तिजोरीतून कर्ज काढलं. सुमारे २५ कोटी डॉलर. त्यावर चक्रवाढ व्याज. कल्पना अशी की सरकारी खाती हेलियम घेतील, त्या विक्रीतून पंचवीस वर्षांत कर्ज फिटेल. त्यासाठी सरकारने आपल्या शुद्ध हेलियमचा भाव हजार घनफुटांना ३५ डॉलर ठेवला. खासगी कंपन्यांनी पाहिलं, की हा माल आपण याहून स्वस्त विकू शकतो. त्यांनी विकला. गिऱ्हाईक तिकडे गेलं. चांद्रमोहिमांचा जोर ओसरल्यावर मागणीही उतरली. १९७३ मध्ये सरकारने खरेदीचे करार मोडले. कंपन्या कोर्टात गेल्या.

साठा तसाच राहिला, आणि व्याज चढत राहिलं. १९९५ च्या सुमारास क्लिफसाइडमध्ये जवळजवळ १०० कोटी घनमीटर हेलियम होता, आणि वहीत कर्ज होतं सुमारे १.४ अब्ज डॉलर.

आता हे कर्ज कुणाचं कुणाला होतं? एका सरकारी खात्याचं, दुसऱ्या सरकारी खात्याला. घरातल्या माणसाने उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात घातले, आणि मग डावा खिसा उजव्याला व्याज देणं लागतो असं वहीत लिहून ठेवलं, असा प्रकार. सरकारी खर्च तपासणाऱ्या अमेरिकेच्याच संस्थेने १९९२ साली सांगितलं होतं, की हे कर्ज रद्द करा, ते फेडून सरकारच्या एकूण हिशेबात काही फरक पडत नाही. ते ऐकलं गेलं नाही. उलट हेलियमचा साठा हा सरकारी उधळपट्टीचा नमुना ठरला. एअरशिपच्या जमान्यातलं खातं अजून कशाला चालवता, अशी राजकारणात थट्टा होऊ लागली. दोन्ही पक्षांना तो काटकसरीचा सोपा विषय मिळाला.

कर्ज फिटलं म्हणून दुकान बंद

१९९६ साली खासगीकरणाचा कायदा झाला. त्याने सांगितलं, सरकारी शुद्धीकरण बंद करा आणि थोडा राखीव भाग सोडून बाकी साठा २०१५ पर्यंत विकून टाका. भाव कसा ठरवायचा? बाजार पाहून नाही, पुढे टंचाई येईल का हे पाहूनही नाही. थकलेलं कर्ज भागिले विकायचा साठा, अधिक महागाई. बस. त्यातून कच्च्या हेलियमचा सुरुवातीचा भाव निघाला हजार घनफुटांना ४३ डॉलर.

विक्री २००३ पासून जोरात सुरू झाली. पहिल्या काळात हा भाव बाजारापेक्षा चढा होता. पण नंतर एमआरआय वाढले, चिप आणि ऑप्टिकल फायबरचे कारखाने वाढले, मागणी चढत गेली. सरकारचा भाव मात्र जुन्या वहीला बांधलेला. साठा इतका प्रचंड होता, की या सरकारी भावाकडे बघूनच जगाचा बाजार चालू लागला. जगाच्या पुरवठ्याचा मोठा हिस्सा या एका पेवातून येत होता. वस्तू टंचाईची, आणि किंमत सांगत होती की ती मुबलक आहे. स्वस्त आहे म्हटल्यावर वापरलेला हेलियम परत गोळा करायची यंत्रणा बसवायला कोण पैसे घालणार? फुगे भरले जात होते, प्रयोगशाळांमधून वाफ हवेत सोडली जात होती.

याविरुद्ध सर्वात ठामपणे बोलले ते रॉबर्ट रिचर्डसन. हेलियमच्याच एका अतिशीत अवस्थेच्या शोधासाठी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं, आणि तेही १९९६ सालीच, ज्या वर्षी हा कायदा झाला. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने या विक्रीवर अहवाल काढला. त्या समितीच्या दोन अध्यक्षांपैकी ते एक होते. विक्रीची ही पद्धत देशाच्या हिताची नाही, असं अहवालाने स्पष्ट म्हटलं. हेलियमची खरी किंमत लावली तर वाढदिवसाचा एक फुगा शंभर डॉलरला पडेल, असं रिचर्डसन सांगत असत.

मग आलं २०१३ साल, आणि या कथेतला सर्वात अजब प्रसंग. विक्रीमुळे ते जुनं कर्ज एकदाचं फिटत आलं. आनंदाची गोष्ट ना? नाही. १९९६ च्या कायद्याने या खात्याचा खर्च कर्जफेडीशीच बांधला होता. कर्ज फिटलं, की खातं चालवायला पैसे काढण्याचा अधिकार संपणार होता. म्हणजे जमिनीत हेलियम आहे, पाइपलाइन आहे, दारात गिऱ्हाईक आहे, आणि तरी ऑक्टोबरमध्ये कुलूप लागणार. कारण काय, तर देणं चुकतं झालं! रुग्णालयं, चिप बनवणारे, शास्त्रज्ञ सगळे धावले. शेवटी २ ऑक्टोबर २०१३ रोजी नव्या कायद्यावर सही झाली. आदल्याच दिवशी अंदाजपत्रकाच्या भांडणातून अमेरिकेच्या सरकारचं बाकीचं कामकाज ठप्प झालेलं होतं.

नव्या कायद्याने लिलाव आणले. तेव्हा कुठे खरा भाव बाहेर आला. २०१८ च्या शेवटच्या लिलावात हजार घनफुटांना २८० डॉलरच्या आसपास बोली गेली. ४३ पासून २८०. मधल्या वर्षांत जे विकलं गेलं ते किती स्वस्तात गेलं, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि शेवट? २०२४ मध्ये उरलेला साठा, पाइपलाइन, सगळी व्यवस्था खासगी कंपनीला विकली गेली. ती घेणारी मेसर ही कंपनी जर्मन आहे. १९३८ साली ज्या देशाला एका मंत्र्याने हेलियमचा एक सिलिंडर दिला नाही, त्याच देशातल्या कंपनीने शहाऐंशी वर्षांनी अख्खं पेव रीतसर पैसे मोजून घेतलं. यात त्या कंपनीचा काही दोष नाही. बदलली ती विकणाऱ्याची दृष्टी.

आपलं काय?

आता आपल्याकडे येऊ. अमेरिकेचं पेव रितं होत असताना कतार मोठा पुरवठादार झाला. जून २०१७ मध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली, सौदी अरेबियाची हद्द बंद झाली आणि कतारमधले हेलियमचे कारखाने काही काळ थांबले. २०२२ मध्ये रशियातला नवा मोठा कारखाना अपघातामुळे बंद पडला, त्याच सुमारास क्लिफसाइडचंही काम काही महिने थांबलं. पुन्हा टंचाई. मोजक्या विहिरींवर सगळं जग चाललं आहे, हे दर वेळी नव्याने दिसतं.

आपण तेलासाठी पेवं केली आहेत. कर्नाटकच्याच किनाऱ्यावर मंगळुरू आणि पादूर इथे, आणि तिकडे विशाखापट्टणमला, खडकात कोरलेल्या गुहांमध्ये मिळून ५३ लाख टनांहून जास्त कच्चं तेल मावतं. २०२० मध्ये कोविडच्या काळात तेलाचे भाव कोसळले तेव्हा त्या भरून घेतल्या. पेव स्वस्ताईत भरावं, हे जुनं शहाणपण तिथे पाळलं गेलं.

मग हेलियमसाठी तसं का नाही? एक तर तो साध्या गुहेत थांबत नाही, बारीक फटीतूनही निसटतो. द्रवरूप करून आणला तर खास टाक्यांमध्येही महिना-दीड महिन्यात उकळू लागतो. क्लिफसाइडसारखा घट्ट झाकणाचा खडक लागतो. आपल्या जमिनीत हेलियम अगदीच नाही असं नाही. पश्चिम बंगालमध्ये बक्रेश्वरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांमधून तो वर येतो, आणि कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी त्यावर अनेक दशकं काम केलं आहे. तमिळनाडूत कुथालम इथल्या नैसर्गिक वायूतून तो वेगळा करायचा प्रयोगही झाला. पण देशाची गरज भागेल इतकं त्यातून निघालेलं नाही.

म्हणून आपलं पेव वेगळ्या प्रकारचं असावं लागेल. ते म्हणजे वापरलेला हेलियम परत पकडणं. प्रयोगात तापून वाफ झालेला हेलियम नळीने गोळा करायचा, शुद्ध करायचा, पुन्हा द्रवरूप करायचा. भारतीय विज्ञान संस्थेत आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम चालतं. तिथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना नळीतली साधी गळतीसुद्धा अपराध वाटते, ती उगीच नाही. हैदराबादहून वैज्ञानिक फुगे सोडणारी सुविधा त्यात हेलियम नाही, हायड्रोजन भरते. तो पेटतो, म्हणून काळजी जास्त घ्यावी लागते, पण जिथे पर्याय आहे तिथे हेलियम खर्च होत नाही.

यासाठी सुरुवातीला पैसा लागतो. आणि इथेच अमारिलोचा धडा उपयोगी पडतो. प्रयोगशाळेचा हिशेबनीस विचारेल, की हे यंत्र किती वर्षांत आपला खर्च भरून काढेल? आजच्या भावाने मांडलं तर उत्तर निराशाजनक येईल. अमेरिकेनेही नेमकं हेच केलं होतं. साठ्याची किंमत त्यांनी मागच्या कर्जावरून काढली. टंचाईच्या वर्षी तीच वस्तू मिळवायला काय पडेल, हा प्रश्न कायद्यात कुठेच नव्हता. त्यांचा हिशेब चुकला नव्हता, मंडळी. बेरीज-वजाबाकी पै न पै बरोबर होती, कर्जसुद्धा फिटलं. फक्त पेव कशासाठी खणलं होतं, तो रकाना वहीत नव्हता.

पुढच्या वेळी कुणी सरकारी गोदाम, धान्याचा साठा, तेलाची गुहा किंवा औषधांचा राखीव साठा तोट्यात आहे म्हणून विकायला काढेल, तेव्हा तो रकाना आहे का, एवढं जरूर विचारा.